पेवातली बाटली

सर्जेराव, तुझी बाटली काल वहिनींनी माझ्यापुढं आणून ठेवली.

तेराव्याचं जेवण उरकलं होतं. पाहुणे एसटी गाठायला पांगले होते. मीही टोपी घालून ओसरीवरून उठतच होतो, तेवढ्यात आतून त्या आल्या. हातात तुझ्या मिलिटरीतल्या मफलरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी माझ्यापुढं ठेवलं आणि मफलर सोडला. तपकिरी काच, तिच्यावर वाळलेली पिवळी माती, पत्र्याच्या बुचावर गंज. ओळखायला मला वेळ लागला नाही. ती बाटली तुझ्या मुठीतून सोडवताना मला तुझं एकेक बोट उचकटावं लागलं होतं.

"भावजी, ह्ये तुमचं," वहिनी म्हणाल्या. "पर घिऊन जायाचं न्हाई. हितंच उघडा. माज्यादेखत."

तुला ठाऊकच आहे, हरिपूरच्या त्या दुपारनंतर त्या माझ्याशी 'च्या घेता का' यापलीकडं कधी बोलल्या नाहीत. आणि काल एवढं लांबलचक वाक्य. त्यांना काय बघायचं होतं ते मला कळलं. तू त्यांना एक गोष्ट सांगून ठेवली होतीस, ती खोटी होती, आणि ती खोटी आहे हे माहीत असणारा एकटा मी मागं उरलो होतो.

वहिनी पेला आणायला आत गेल्या. तेवढ्या वेळात मी तुझ्याशी मनातल्या मनात इतकं भांडलो की विचारू नकोस. ते आज सांगलीला परत येऊन कागदावर उतरवतोय. तू कसा गेलास, किती वाजता गेलास, कुणाच्या मांडीवर गेलास हे सगळ्यांना पाठ झालंय. मला त्यात पडायचं नाही. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे.

पलटणीत आपली गाठ पडली तेव्हा तू कोरेगावकडचा ऊसवाल्याचा पोरगा, आणि मी जतचा मेंढरामागचा, चार बुकं शिकल्यामुळं क्लार्क झालेला. आपल्यात सारखं असं काही नव्हतंच. बाकीचे जवान रमच्या कोट्याची वाट बघायचे, तू तुझा कोटा वाटून टाकायचास. तुला बिअर लागायची, आणि तीही पोटभर नाही. जिथं बदली होईल तिथली, तिथंच बनणारी, दुसरीकडं न मिळणारी एक बाटली हुडकायची, ती रविवारी दुपारी आपण दोघांनी मिळून घ्यायची. त्यासाठी तू नियम करून ठेवले होतेस. शेंगदाणे, शेव काहीही बरोबर नाही. आधी वास घ्यायचा. दुसरा घोट पोटात गेल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि मग चांगली, वाईट असलं काही बोलायचं नाही, कशासारखी लागली तेवढंच सांगायचं.

"गड्या, ह्ये ढोसायचं न्हाई, चाखायचं," तू म्हणायचास. "ढोसाय रम हाय की."

मला आधी हा सगळा आचरटपणा वाटायचा. पण तू डोळे मिटून 'भाजल्या शेंगंचं टरफल' म्हणायचास आणि मग मलाही तेच लागायचं. एका छावणीतली बिअर तुला पावसात भिजलेल्या कडब्याच्या गंजीसारखी लागली होती. मला ती मेंढरू कातरल्यावर हाताला राहतो त्या वासाची वाटली. त्यावरून आपण आठवडाभर भांडलो. सुभेदार म्हणाले, हे दोघं दारूवर भांडतात पण प्यालेले कधी दिसत नाहीत, हे काय गौडबंगाल आहे.

मग ती डोंगरातली बदली. सामान आणायला आपली गाडी एका जुन्या बिअरच्या कारखान्यावर गेली होती. तिथला म्हातारा मिस्त्री दर हिवाळ्यात स्वतःपुरतं एक पीप काढायचा. काळी, दाट, बाजारात कधीच न गेलेली बिअर. तू नाकपुड्या फुलवून त्या पिपाभोवती असा घुटमळलास की त्यानं हसत हसत दोन पेले भरून दिले. आपण नियमाप्रमाणं वास घेतला, दोन घोट घेतले. मी तुझ्याकडं बघत राहिलो. तू बोललाच नाहीस. परतीच्या वाटेवर, अर्धा घाट उतरल्यावर म्हणालास, "गुऱ्हाळ."

तुझ्या वडलांचं गुऱ्हाळ मी पाहिलं नाही. ऊस कारखान्याला जायला लागला आणि ते बंद पडलं, वडीलही त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत, एवढंच तू सांगितलं होतंस. त्या दिवशी मात्र सगळं सांगितलंस. कढईच्या काठाला करपून चिकटलेली काकवी नखानं खरवडून खायची, ती आधी गोड लागते, मग कडू, आणि शेवटाला धुरासारखी. मिस्त्रीच्या पिपात तुला ते सापडलं होतं. एवढा धिप्पाड गडी, गाडीच्या फाळक्याला टेकून नाक ओढत होतास. मी दुसरीकडं बघितलं.

आपण दोघंही पेन्शनीत निघालो. तू शेतीकडं, मी सांगलीत हळदीच्या अडत्याकडं दिवाणजी. मला वाटलं, सुटलो. वर्षभरात तू एसटीतून उतरलास तो खांद्यावर पोतं घेऊन. पोत्यात शाळू जोंधळा, आमच्याच जत भागातला, निवडून आणलेला.

"बिरा, आपुन ती बिअर करायची."

बिनपरवाना घरात दारू गाळताना सापडलो असतो तर तुझी अब्रू आणि माझी नोकरी, दोन्ही एका दिवसात गेल्या असत्या. पण मला त्याहून मोठी धास्ती दुसरी होती. तू शाळूला मोड आणणार म्हणालास, आणि माझ्या डोळ्यांपुढं आमची मेंढरं आली. पाऊस ओढ देतो तेव्हा जोंधळ्याचे कोवळे कोंब खाऊन मेंढरं फुगतात, थरथरतात आणि बघता बघता पाय ताणून पडतात. त्याला आम्ही किराळ लागली म्हणतो. लहानपणी मी निम्मा कळप तसा पडलेला पाहिलाय. आणि तू त्याच कोंबांचा अर्क काढून पिणार होतास.

"मेंढरं हिरवं खात्यात, येड्या. आपुन वाळवून, मोड चोळून, उकळून घेणार."

"तरी मी पिणार न्हाई."

"नगो पिऊ. बघत बस."

तू खरंच सगळं केलंस. मोड आलेला शाळू माझ्या खोलीच्या माळवदावर वाळवलास, मोड चोळून पाखडून काढलेस, भरडलास. निम्मा भरडा कढईत कॉफीसारखा काळा होईस्तोवर भाजलास. गल्लीतली बाई विचारायला आली, दिवाणजी, काय करपलं? कडूपणासाठी काष्टौषधीच्या दुकानातून काडेचिराईत आणलंस, आंबवायला पावभट्टीतलं आंबवण, सोडावॉटरवाल्याच्या हातापाया पडून बाटल्यांना बुचं ठोकून घेतलीस. पहिले दोन घाणे उन्हानं नासले. आंबील बरी असा वास सुटला. तू ते गटारात ओतलेस, डोकं धरून बसलास, आणि मग मला म्हणालास, "थंड जागा पायजे रं. तुमच्या हळदीला असती तसली."

हरिपूरची पेवं तुला मीच दाखवली होती. जमिनीत खोल खणलेले, रांजणाच्या आकाराचे खड्डे. वर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड, आत हळद वर्षानुवर्षं राहते, ना ऊन लागत ना कीड. आमच्या अडतीकडचं एक पेव त्या सालात रिकामं होतं. फाल्गुनात तू त्यात उतरलास, मी पाटीतून तिसऱ्या घाण्याच्या बाटल्या सोडल्या. एवढ्यावर थांबायचं होतं. पण तुझा नवा घाणा रांजणात फसफसत होता आणि ऊन वाढत होतं. तू म्हणालास, ह्यो बी खालीच ठिवू. दोरानं तो रांजणही आपण खाली सोडला, तोंडावर फळ्या टाकून माती लिंपली.

मधले तीन आठवडे मी किराळीच्या काळजीत काढले. बाटल्या उघडल्यावर तू पहिला घोट घेणार, आणि मी तिथं बसून तुझे हातपाय थरथरतात का ते बघणार. मी जतच्या म्हाताऱ्यांना किराळीवर काय देतात ते विचारून आलो होतो. पिशवीत गूळपाण्याचा तांब्यासुद्धा घेतला होता. आपण दोघंही पेल्यातल्या विषाबद्दल भांडत होतो, सर्जेराव.

चैत्रातली ती दुपार. सकाळी पेवाचं तोंड उघडलं, हवा खेळू दिली, चिंचेखाली बसून भाकरी खाल्ली. मग तू हमालांचा दोर घेतलास, त्याला कंदील बांधलास आणि आत सोडलास. पेवात उतरण्याआधी कंदील सोडायचा, विझला तर उतरायचं नाही, हे हरिपुरात पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्या दोराला एक गाठ असते. कंदील गाठीपर्यंत सोडायचा. तूही हमालांना बघून गाठीपर्यंत सोडलास. ज्योत हलली नाही. "आल क्लियर," म्हणालास, कंदील वर काढलास आणि तोच दोर कमरेला बांधून उतरलास.

गाठ तिथं का असते हे तुझ्या डोक्यात आलं नाही, माझ्याही आलं नाही. भरलेल्या पेवात हळदीचा ढीग तिथंच सुरू होतो. त्याच्याखाली कुणी जात नाही. आपलं पेव रिकामं होतं, गाठीखाली आणखी दोन पुरुष खोल. आणि त्या तळाशी तुझा रांजण तीन आठवडे बसून जी हवा सोडत होता ती जड हवा कुठंही न जाता तिथंच साठून राहिली होती.

मी तोंडाशी ओणवा होतो. खालून तुझा आवाज आला, "बिरा, वास लय झ्याक सुटलाय रं." मग काचेचा आवाज. मग, "एक फुटलीया. बाकीच्या..."

बाकीच्यांचं काय ते तू बोललाच नाहीस.

मी हाक मारली. दुसरी मारली. दोर सैल होता. आत काळोख. त्या क्षणी मला कंदील, गाठ, ढीग हे सगळं एकदम कळलं. तसाच खाली उतरलो असतो तर तेव्हाच दोन घरांत तेरावं झालं असतं. तोंडावर आडवं लाकूड होतं, त्याला दोराचा वेढा दिला आणि ओढायला लागलो. आसपास कुणी नव्हतं. तुझं वजन तुला माहीत आहे. ओढताना वाकलो की कमरेचं किल्ल्यांचं जुडगं पोटात रुतायचं. त्या जुडग्यात अडतीच्या किल्ल्या होत्या आणि आपलं पितळी ओपनर होतं. छावणीच्या बाजारात घेतलेलं, आपल्यात एकच.

तू वर आलास तो मान टाकलेला, ओठ जांभळे, आणि उजव्या मुठीत बाटली. मी तुला उताणा केला, तोंडावर गूळपाण्याचा तांब्या ओतला, जोरात थोबाडीत मारली. बिरुबाला काय काय कबूल केलं ते अजून फेडतोय. तू खोकलास. डोळे उघडलेस, माझ्याकडं पाहिलंस. मी रडत होतो, ते तुला दिसलं. आणि तू म्हणालास,

"चाखली रं. खाली एक उघडून चाखली. तीच हाय. गुऱ्हाळ."

मी तुला दुसरी थोबाडीत मारली. पहिली शुद्धीवर आणायला होती, ही मनापासून होती.

वहिनींनाही तू तेच सांगितलंस. घरी कळायचं ते कळलंच. "बिरानं वडून काढलं म्हून वाचलो," तू म्हणालास. "सोडलं बी त्येनंच," त्या म्हणाल्या. चुकीचं काय बोलल्या? तुझ्याकडून त्यांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, आणि तू कानाला खडा लावलास. पेवाचं तोंड मी दुसऱ्या दिवशी बुजवलं. "माज्या बाटल्या जित्त्या पुरल्यास," म्हणून तू वर्षभर माझ्याशी नीट बोलला नाहीस. आणि बोलायला लागलास ते याच भांडणासाठी. मी म्हणायचो, तू काही चाखलं नाहीस. तू म्हणायचास, चाखली. मी म्हणायचो, तुला भास झाला. तू म्हणायचास, तू हुतास का खाली?

मी खाली नव्हतो, पण ओपनर माझ्या कमरेला होतं. मातीच्या भिंतीवर बूच निघत नाही, आणि पुढचे दोन दात पलटणीतल्या कुस्तीत गेल्यापासून तुला शेंगसुद्धा दातानं फुटत नव्हती. हे एकदा बोललो असतो तर भांडण तिथंच मिटलं असतं. इतक्या वर्षांत जिभेवर कितीदा आलं आणि मी गिळलं. तू खोटं का बोललास ते मात्र मला काल कळलं. डोळे उघडताच तुला माझं तोंड दिसलं होतं, आणि आपण उगीच मरायला निघालो होतो असं मला वाटावं हे तुला नको होतं. स्वतः धड श्वास घेता येत नव्हता आणि तू माझी समजूत घालत होतास. त्याचे आभार मानायचे राहिले. शिव्या तेवढ्या देत राहिलो.

वहिनी तुझा मिलिटरीचा चिनीमातीचा पांढरा मग घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"मला कवा हात लावू दिला न्हाई ह्या बाटलीला," त्या म्हणाल्या. "'बिरा आला की उघडू' म्हणायचे. आन तुमी आला की म्हणायचे, आज न्हाई. असं का वं करायचे?"

बूच बंद होतं तोवर आत गुऱ्हाळ होतं, एवढंच त्यातलं खरं. मी जुडगं काढलं. मफलर बाटलीभोवती गुंडाळला. इतक्या वर्षांची बाटली, फुटायचीही भीती. फुटली असती तर बरं, असं एक मन म्हणत होतं. बूच निघालं. फस्स झालं नाही, नुसता एक बारीक सुस्कारा. मगात काळं ओतलं गेलं. वहिनींची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती.

मी वास घेतला. पहिला घोट घेतला. आंबट, सर्जेराव. दात शिवशिवले इतकी आंबट, आणि त्यामागून काडेचिराईत जिभेच्या मुळापर्यंत कडू. तुझा नियम होता म्हणून दुसऱ्या घोटाआधी बोललो नाही. दुसरा घोट तोंडात धरून ठेवला आणि हुडकत राहिलो. करपलेली काकवी, धूर, काहीतरी. लय हुडकलं. नव्हतं.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "त्येंनी सांगितलं ते खरं हाय का वं?"

त्या विचारत होत्या ते बिअरबद्दल नव्हतं. त्यांचा नवरा तळाशी निपचित पडला ते निदान काही हाताला लागल्यावर की काहीच नसताना, हे त्यांना हवं होतं. त्यावर माझ्याशी बोलायचं की नाही तेही ठरणार होतं. मी घोट गिळला. तोंड वाकडं होऊ दिलं नाही, त्याला किती जोर लागला ते मला ठाऊक.

"तीच चव हाय, वहिनी," मी म्हणालो. "गुऱ्हाळ."

मग त्यांनी उजवा तळवा पुढं केला, खाली डाव्याचा आधार, तीर्थ घेतात तसा. मी विसरलोच होतो. त्या या घरात सून म्हणून आल्या तेव्हा तुमचं गुऱ्हाळ चालू होतं. त्यांनी ती काकवी रोज काढलीय, पोरांना चाटवलीय. मला फसवता आलं असतं, तू मला फसवायला बघितलंस, पण त्या बाईच्या जिभेपुढं आपण दोघं काहीच नव्हतो. नाही म्हणायची सोय नव्हती. मी तळव्यावर थोडं ओतलं.

वहिनींनी ते डोळे मिटून घेतलं. बराच वेळ तोंडात ठेवलं. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. मग तळवा पदराला पुसला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "तीच हाय."

बाटलीतलं उरलेलं त्यांनी मगात ओतलं, तो मग तुझ्या फोटोपुढं नेऊन ठेवला आणि तिथूनच, पाठमोऱ्या म्हणाल्या,

"बसा भावजी. भाकरी टाकते. जेवून जावा."

मी टोपी काढून बसलो.